अवलंबी घटनांचे गणित आणि ‘ओनेगिन’मधील वीस हजार वर्ण

१

संभाव्यतेच्या गणिताचा उगम द्यूताच्या हिशेबात झाला, हे सर्वश्रुत आहे. फासा किंवा नाणे यांच्या बाबतीत हा हिशेब सोपा असतो. कारण आधीचे दान काय पडले याची पुढच्या दानाला खबर नसते. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणावयाचे. परंतु पत्त्यांचा डाव मांडला की परिस्थिती पालटते. एक पत्ता उचलून बाजूला ठेवला म्हणजे उरलेल्या पत्त्यांची रचनाच बदलते आणि पुढील घटना मागील घटनेवर अवलंबून राहते.

हा भेद स्पष्टपणे मांडणाऱ्या आरंभीच्या गणितज्ञांत अब्राहाम द म्वाव्र याची गणना होते. फ्रान्स सोडून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या या गणितज्ञाचा संभाव्यतेवरील ग्रंथ प्रथम १७१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील आवृत्त्यांतून वाढत गेला. अवलंबी घटनांसाठी त्याने दिलेला नियम आजही तोच आहे: पहिल्या घटनेची संभाव्यता घ्यावी, पहिली घटना घडून गेली आहे असे गृहीत धरून दुसरीची संभाव्यता काढावी, आणि दोहोंचा गुणाकार करावा. बावन्न पत्त्यांतून लागोपाठ दोन एक्के निघण्याची संभाव्यता ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे १/२२१ येते. पहिला पत्ता परत ठेवून, पिसून दुसरा काढला तर ती १/१६९ होते. अवलंबनाचा परिणाम या दोन आकड्यांच्या अंतरात दिसतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. पहिला पत्ता न पाहता उपडा ठेवला आणि दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता विचारली, तर उत्तर काय येते? पहिला एक्का असल्यास ३/५१, नसल्यास ४/५१. या दोन शक्यतांना त्यांच्या त्यांच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली असता उत्तर १/१३ येते. पहिल्या पत्त्याचेही उत्तर १/१३ हेच होते. सारांश, दुसरी घटना पहिलीवर अवलंबून असूनही तिच्या एकंदर संभाव्यतेवर त्या अवलंबनाची कसलीही खूण उमटत नाही. एकंदर आकड्यावरून घटनांचा आपसांतील संबंध ओळखता येत नाही. त्यासाठी घटनांचा क्रम पाहावा लागतो. वरवर क्षुल्लक भासणारी ही गोष्ट नजरेआड झाल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात एक मोठा वाद माजला, आणि त्या वादाच्या ओघात भाषेच्या अभ्यासाला एक नवे साधन लाभले.

२

या वादाच्या मुळाशी याकोब बर्नूली याचा सिद्धान्त आहे. बर्नूली १७०५ मध्ये निधन पावला; त्याचा संभाव्यतेवरील लॅटिन ग्रंथ त्याच्या पश्चात १७१३ मध्ये छापला गेला. एकाच संभाव्यतेचे स्वतंत्र प्रयोग पुष्कळ वेळा केले असता प्रत्यक्ष आढळणारे प्रमाण त्या संभाव्यतेच्या जवळ जवळ जात राहते, असे त्यात सिद्ध केलेले आहे. या तत्त्वाला ‘मोठ्या संख्यांचा नियम’ हे नाव पुढे एकोणिसाव्या शतकात प्वासों याने दिले. बर्नूलीची सिद्धता स्वतंत्र घटनांपुरती होती. तिच्या पलीकडे हा नियम लागू आहे की नाही, याविषयी तो सिद्धान्त काहीच सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा नियम द्यूतगृहातून समाजशास्त्रात आला. बेल्जियमचा ज्योतिर्विद केतले याने १८३५ मध्ये मनुष्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. जन्म आणि मृत्यू यांचीच नव्हे, तर विवाह आणि गुन्हे यांचीही वार्षिक प्रमाणे आश्चर्यकारक रीतीने स्थिर राहतात, असे त्याने दाखविले. तेव्हा विचारवंतांना असा प्रश्न पडला की विवाह करणे वा गुन्हा करणे ही जर व्यक्तीच्या इच्छेची बाब आहे, तर तिच्या आकड्यांत एवढी नियमितता कोठून आली? कित्येकांनी त्यावरून इच्छास्वातंत्र्य हा केवळ भास आहे असा निष्कर्ष काढला.

मॉस्को विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक पावेल नेक्रासोव्ह याने याच आकड्यांवरून नेमका उलटा निष्कर्ष काढला. त्याचे आरंभीचे शिक्षण धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत झालेले होते, आणि गणित व नीतिशास्त्र यांचा मेळ घालणे हा त्याच्या आस्थेचा विषय होता. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखनातील युक्तिवाद थोडक्यात असा: मोठ्या संख्यांचा नियम लागू होण्यासाठी घटना परस्परांपासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे, समाजाच्या आकडेवारीत तो नियम लागू पडलेला दिसतो, म्हणून माणसांच्या कृती परस्परांपासून स्वतंत्र आहेत, आणि हे स्वातंत्र्य म्हणजेच इच्छास्वातंत्र्याचा पुरावा होय.

या युक्तिवादातील पहिली पायरीच निसरडी आहे. स्वातंत्र्य असेल तर नियम लागू होतो, हे बर्नूलीने सिद्ध केले होते. नियम लागू होतो म्हणून स्वातंत्र्य असलेच पाहिजे, हे कोणीही सिद्ध केलेले नव्हते. पाऊस पडला की अंगण भिजते. पण भिजलेले अंगण पाहून पाऊसच पडला असे म्हणता येत नाही, कारण सडाही घातलेला असू शकतो.

३

नेक्रासोव्हला उत्तर दिले ते सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रेई आंद्रेयेविच मार्कोव्ह याने. मार्कोव्हचा जन्म १८५६ मध्ये र्याझान येथे झाला. चेबिशेव्हच्या हाताखाली तयार झालेल्या गणितज्ञांत तो अग्रगण्य होता. स्वभावाने तो अत्यंत कडक व निर्भीड होता. १९०२ मध्ये मॅक्सिम गॉर्की याची अकादमीवरील निवड झारच्या इच्छेवरून रद्द झाली, तेव्हा मार्कोव्हने जाहीर निषेध केला. टॉल्स्टॉयला चर्चने १९०१ मध्ये बहिष्कृत केले होते. १९१२ मध्ये मार्कोव्हने, आपणासही बहिष्कृत करावे, असा अर्ज धर्मपीठाकडे केला. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव साजरा होत असता त्याने मोठ्या संख्यांच्या नियमाचा द्विशतसांवत्सरिक समारंभ घडवून आणला. अशा माणसास गणिताच्या आधारे धर्मतत्त्वे सिद्ध करण्याचा प्रयत्न सहन होणे शक्य नव्हते.

तथापि त्याचे उत्तर शुद्ध गणिती होते, आणि त्याचे मोल यातच आहे. १९०६ मध्ये कझान येथील भौतिक-गणित परिषदेच्या पत्रिकेत त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याने अशा राशींची मालिका कल्पिली की जिच्यातील प्रत्येक राशी केवळ आपल्या लगतच्या मागील राशीवर अवलंबून आहे. अशा मालिकेस त्याने ‘साखळी’ म्हटले. साखळीतील कडी फक्त शेजारच्या कडीत अडकलेली असते. परंतु त्या शेजारणीच्या द्वारे ती दूरच्या कड्यांशीही जोडलेली राहते. काही साध्या अटी पाळल्या गेल्यास अशा मालिकेतही सरासरी स्थिर होत जाते, म्हणजेच मोठ्या संख्यांचा नियम लागू पडतो, असे मार्कोव्हने सिद्ध केले. यावरून स्वातंत्र्य ही त्या नियमाची आवश्यक अट नाही हे निश्चित झाले.

मार्कोव्हने काय सिद्ध केले आणि काय केले नाही, याचा विवेक राखणे अगत्याचे आहे. मनुष्यास इच्छास्वातंत्र्य नाही, असे त्याच्या सिद्धान्तावरून निघत नाही. आकड्यांच्या नियमिततेवरून त्या प्रश्नाचा निकाल कोणत्याच बाजूने लावता येत नाही, एवढेच त्यावरून निघते. नेक्रासोव्हचा सिद्धान्त जसा कोसळतो, तसाच केतलेच्या आकड्यांवरून नियतिवाद उभारणाऱ्यांचा मनोराही कोसळतो.

४

साखळीची कल्पना सिद्धतेपुरती न राहता प्रत्यक्षात कोठे दिसते, याचे उदाहरण मार्कोव्हला हवे होते. ते त्याने काव्यात शोधले. २३ जानेवारी १९१३ रोजी (नव्या पंचांगाप्रमाणे ५ फेब्रुवारी) सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीवरील आपला निबंध वाचला. संपूर्ण पहिला सर्ग आणि दुसऱ्या सर्गातील सोळा कडवी मिळून २०,००० वर्ण त्याने घेतले. येथे वर्ण म्हणजे छापील लिपिचिन्ह असे समजावयाचे. रशियन लिपीतील कठोरत्वदर्शक व मृदुत्वदर्शक ही दोन चिन्हे स्वतंत्रपणे उच्चारली जात नसल्यामुळे त्याने ती वगळली. शब्दांमधील मोकळी जागा आणि विरामचिन्हेही सोडून दिली. उरलेल्या अखंड मालिकेतील प्रत्येक वर्ण स्वर आहे की व्यंजन, एवढेच पाहावयाचे होते. शंभर शंभर वर्णांचे दोनशे गट पाडून, प्रत्येक गट दहा ओळी व दहा रकाने अशा चौकटीत मांडून, ही सर्व मोजणी त्याने हाताने केली.

मोजणीत ८,६३८ स्वर व ११,३६२ व्यंजने आढळली. म्हणजे कोणताही एक वर्ण स्वर असण्याची संभाव्यता ०.४३२ येते. वर्ण परस्परांपासून स्वतंत्र असते, तर मागील वर्ण कोणताही असो, ही संभाव्यता तीच राहावयास हवी होती. प्रत्यक्षात स्वरापाठोपाठ स्वर अशा जोड्या अवघ्या १,१०४ भरल्या. म्हणजे मागील वर्ण स्वर असल्यास पुढचा स्वर असण्याची संभाव्यता ०.१२८, आणि मागील वर्ण व्यंजन असल्यास ती ०.६६३. अंतर इतके मोठे आहे की योगायोग म्हणून त्याची वासलात लावता येणार नाही.

आता पत्त्यांच्या उदाहरणाशी याची तुलना करावी. ०.४३२ ला ०.१२८ ने आणि ०.५६८ ला ०.६६३ ने गुणून बेरीज केली की पुन्हा ०.४३२ हाच आकडा हाती येतो. वीस हजार वर्ण कापून, एका टोपलीत टाकून, ढवळून पुन्हा मांडले तरी स्वरांचे प्रमाण ०.४३२ हेच राहील; मात्र पुश्किनची भाषा नाहीशी होईल. जे नाहीसे झाले ते क्रमात होते, प्रमाणात नव्हते.

अवलंबन असूनही सरासरी स्थिर कशी राहते, हेही याच आकड्यांवरून उमजते. एखादा वर्ण स्वर आहे असे समजावे. त्याच्या लगतचा वर्ण स्वर असण्याची संभाव्यता ०.१३. प्रत्येक वर्ण केवळ लगतच्या वर्णावर अवलंबून आहे असे धरून हिशेब केला, तर दुसऱ्या स्थानावरील वर्णासाठी ती ०.५९, तिसऱ्यासाठी ०.३४, चौथ्यासाठी ०.४८, आणि पाचव्यासाठी ०.४१ येते. आकडा ०.४३ च्या दोन्ही बाजूंस झोके घेत घेत त्याच्याजवळ येतो, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या सुमारे निम्मा असतो. म्हणजे पहिल्या वर्णाचा प्रभाव थोड्याच पावलांत विरून जातो. प्रभाव असा विरतो म्हणूनच अवलंबी घटनांच्या मालिकेतही मोठ्या संख्यांचा नियम टिकून राहतो.

५

सरासरी मुकी असते, हे खरे; तथापि सरासरीभोवतालचा विखुरलेपणा मात्र बोलका असतो. मार्कोव्हच्या निबंधातील हा भाग गणिताबाहेरच्या वाचकांकडून बहुधा दुर्लक्षित राहतो. शंभर वर्णांच्या प्रत्येक गटात सरासरी ४३.१९ स्वर येतात. वर्ण स्वतंत्र असते, तर या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी सुमारे २४.५ भरली असती. मार्कोव्हला ती सुमारे ५.१ एवढीच आढळली. दोहोंचे गुणोत्तर ०.२०८ आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, निरनिराळ्या गटांतील स्वरसंख्या अपेक्षेहून कितीतरी अधिक घट्टपणे सरासरीला बिलगून आहे. कारण उघड आहे. स्वरानंतर बहुधा व्यंजन आणि व्यंजनानंतर बहुधा स्वर येत असल्यामुळे कोणत्याही गटात स्वरांची फार गर्दी होत नाही वा फार टंचाईही पडत नाही.

लगतच्या एकाच वर्णावरील अवलंबन धरले असता साखळीच्या सिद्धान्तावरून हे गुणोत्तर सुमारे ०.३० यावयास हवे. ते ०.२०८ शी पूर्णपणे जुळत नाही. म्हणून मार्कोव्हने एक पाऊल पुढे टाकून मागील दोन वर्णांवरील अवलंबन हिशेबात घेतले. त्यासाठी त्याने तीन स्वर लागोपाठ येण्याची ११५ आणि तीन व्यंजने लागोपाठ येण्याची ५०५ स्थळे मोजली. या दुहेरी अवलंबनावरून काढलेले गुणोत्तर ०.१९५ आले, ते प्रत्यक्ष आकड्याच्या पुष्कळच जवळ आहे. अवलंबनाची खोली एका वर्णापेक्षा अधिक आहे, हे अशा रीतीने केवळ मोजणीतून सिद्ध झाले. पुढे अक्साकोव्हच्या बालपणविषयक गद्यातील १,००,००० वर्णांचीही त्याने अशीच मोजणी केली.

६

मार्कोव्ह भाषाशास्त्रज्ञ नव्हता, आणि पुश्किनच्या शैलीविषयी काही सांगण्याचा त्याचा हेतूही नव्हता. तथापि भाषेच्या संख्यात्मक अभ्यासात आवश्यक असलेला संयम त्याने घालून दिला. १९१५ मध्ये निकोलाय मोरोझोव्ह याने अव्यये व तत्सम लहान शब्दांच्या वारंवारतेवरून ग्रंथकर्ता ओळखण्याची पद्धती मांडली, तेव्हा १९१६ मध्ये मार्कोव्हने तिच्यावर टीका केली. आकडे काढण्यास त्याचा विरोध नव्हता. आक्षेप होता तो अल्प सामग्रीवरून मोठे निष्कर्ष काढण्यास. एकाच लेखकाच्या निरनिराळ्या लेखनांत होणारा चढउतार आधी मोजल्यावाचून दोन लेखकांमधील भेदाला अर्थ प्राप्त होत नाही. १९२२ मध्ये मार्कोव्ह निधन पावला. ‘ओनेगिन’वरील निबंधाचे इंग्रजी भाषांतर २००६ मध्ये एका विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

दरम्यान साखळीची कल्पना मात्र दूरवर पोहोचली होती. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन याने संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडताना इंग्रजी लेखनाला मार्कोव्हच्या नावाने ओळखली जाणारी प्रक्रियाच आधारभूत धरली. प्रथम अक्षरांच्या केवळ वारंवारतेवरून, मग मागील एका अक्षराच्या, मग मागील दोन अक्षरांच्या आधारे त्याने कृत्रिम इंग्रजी मजकूर तयार करून दाखविला. प्रत्येक पायरीवर तो इंग्रजीसारखा अधिकाधिक भासू लागला. १९५१ मध्ये त्याने याच दिशेने आणखी मोजमाप केले. अवकाशासह सत्तावीस चिन्हे समसंभाव्य मानली तर प्रत्येक चिन्हामागे सुमारे ४.७६ बिट इतकी अनिश्चितता असते. मागील शंभर अक्षरे ठाऊक असली, तर ती ०.६ ते १.३ बिटांपर्यंत खाली येते. भाषेतील अवलंबन किती दाट आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसून येते.

याची दुसरी बाजू १९५७ मध्ये नोम चॉम्स्की याने मांडली. केवळ डावीकडून उजवीकडे, मर्यादित स्मृतीने, एकेक शब्द निवडत जाणारी कोणतीही साखळी इंग्रजीच्या वाक्यरचनेला पुरी पडत नाही, असा त्याचा सिद्धान्त आहे. मराठीतही हे सहज पडताळून पाहता येते. ‘जो मुलगा काल भावाबरोबर बाजारात गेला होता, तो आज आजारी आहे’ या वाक्यातील ‘तो’ हा लगतच्या ‘होता’वर अवलंबून नसून वाक्यारंभीच्या ‘जो’वर अवलंबून आहे. ‘जो’ आणि ‘तो’ यांच्यामध्ये कितीही शब्द घालता येतात, आणि त्या शब्दांत ‘जर–तर’ची आणखी एक जोडीही सामावता येते. कड्यांची संख्या आधीच ठरवून दिलेली साखळी येथे अपुरी पडते. आजची संगणकीय भाषा-प्रतिमाने हजारो शब्दांचा पूर्वसंदर्भ घेऊन पुढील शब्दाची संभाव्यता ठरवितात. त्यांचे यश मोठे आहे. परंतु यशस्वी अनुमानावरून भाषेच्या अंतर्गत रचनेविषयी काय सिद्ध होते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. नियम लागू पडला म्हणून त्याचे कारणही कळले असे मानण्याची चूक नेक्रासोव्हने केली होती. ती चूक नव्या वेशात पुन्हा होऊ शकते.

७

मराठीच्या अभ्यासकाने मार्कोव्हची मोजणी मराठीवर करावयाची म्हटल्यास पहिला प्रश्न गणिताचा नसून वर्णविचाराचा उभा राहील. ‘कमळ’ हा शब्द घ्यावा. केवळ लिखित चिन्हे मोजली तर तीन व्यंजनचिन्हे दिसतात, स्वरचिन्ह एकही नाही. व्यंजनातील अंगभूत ‘अ’ धरला तर तीन व्यंजने व तीन स्वर होतात. उच्चार प्रमाण मानला तर अंत्य ‘अ’ लोपतो आणि स्वर दोनच राहतात. ‘मुलगा’ या शब्दात हा भेद अधिक खोल जातो. लेखनात ‘ल’ आणि ‘ग’ यांच्यामध्ये ‘अ’ आहे. उच्चारात तो नसल्यामुळे दोन व्यंजने एकमेकांस भिडतात. म्हणजे येथे केवळ स्वरांचे एकंदर प्रमाण बदलत नाही, तर व्यंजनानंतर व्यंजन येण्याची संभाव्यता, साखळीची कडीच, बदलते. रशियन लिपीतील दोन चिन्हे वगळताना मार्कोव्हने जो निर्णय एका वाक्यात उरकला, तो निर्णय देवनागरीत मोजणीचा पायाच ठरेल. काय मोजावयाचे हे ठरल्यावाचून किती आढळले या प्रश्नास अर्थ नाही.

द म्वाव्रच्या पत्त्यांपासून मार्कोव्हच्या वर्णांपर्यंतचा हा इतिहास अखेर एकाच धड्याकडे नेतो. स्थिर सरासरी स्वतंत्र घटनांतूनही उत्पन्न होते आणि परस्परांत गुंतलेल्या घटनांतूनही. म्हणून प्रमाणांच्या कोष्टकापाशी थांबणाऱ्याला भाषेविषयी वा समाजाविषयी मनास येईल तो निष्कर्ष काढण्याची मुभा मिळते. कोणत्या घटनेमागून कोणती घटना आली, हे चिकाटीने मोजणाऱ्याला ती मुभा उरत नाही.